आठवा हात

मी सहज भारावणारी बाई नाही. दुबईत एकोणीस वर्षं झाली. भारतातून पाहुणे आले की त्यांना उंच इमारती, नाचणारी कारंजी आणि मॉलमधलं मत्स्यालय दाखवायला मीच नेते. ते मान मागे टाकून बघत असतात तेव्हा मी पार्किंगची वेळ संपायला किती मिनिटं राहिली ते बघत असते. माझी बोलती बंद केली ती एकाच गोष्टीने, आणि ती घडली डिस्कव्हरी गार्डन्समधल्या आमच्याच फ्लॅटच्या हॉलमध्ये, शनिवारी सकाळी, पोह्यांच्या बश्या अजून उचलायच्या होत्या तेव्हा.

आमचं एक मराठी मंडळ आहे. एका नोंदणीकृत भारतीय संस्थेच्या छत्राखाली चालतं. अकरा जणांची कार्यकारिणी, वर एक अध्यक्ष. मी चिटणीस. चिटणीस कशी झाले, तर मी एका बांधकाम कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर आहे. कागद येतो, त्याला नंबर लागतो, तारीख पडते, सही होते, मग तो जगात आहे असं मानायचं. तोवर नाही. मंडळाच्या लोकांना वाटलं, हिला सवय आहे, हिच्या गळ्यात टाका.

अध्यक्षांना सगळे भाऊ म्हणतात. सर्व अर्थांनी मोठा माणूस. आवाज मोठा, गाडी मोठी, मनही मोठं. मंडळातल्या निम्म्या घरांवर त्यांचे काही ना काही उपकार आहेत. एका बाईचे वडील इथे पाहुणे आलेले असताना वारले, तेव्हा सगळी कागदपत्रं करून त्यांना घरी पाठवेपर्यंत भाऊ दोन दिवस झोपले नव्हते. माझ्या नवऱ्याची नोकरी गेली तेव्हा त्याला आपल्या ऑफिसात टेबल देणारे भाऊच. आज तो दुसरीकडे आहे, पण ते टेबल आमच्या घरात कुणी विसरलेलं नाही. दर दोन वर्षांनी निवडणूक जाहीर होते आणि दर दोन वर्षांनी अध्यक्षपदासाठी एकच अर्ज येतो.

मंडळाचा कारभार व्हॉट्सॅपवर चालतो. कुणीतरी ठराव टाकायचा, बाकीच्यांनी अंगठा दाखवायचा. सहा अंगठे झाले की मंजूर. भाऊंना पटलं तर ते काही बोलत नाहीत. पटलं नाही तर त्यांचा आवाजी निरोप येतो, साधारण मिनिटभराचा. सुरुवात नेहमी ‘मंडळी, मी काय म्हणतो’ अशी. तो निरोप आला की पुढच्या पाच मिनिटांत अंगठे एकेक करून गायब होतात. कुणी लिहितं, ‘गाडी चालवत होते, चुकून दाबला गेला.’ कुणी काही न लिहिताच काढून घेतं. इतक्या वर्षांत या पद्धतीत कुणाला काही गैर दिसलं नव्हतं. मलाही नाही.

तो ठराव मुसफ्फातल्या एका माणसावरून आला.

मुसफ्फा म्हणजे अबू धाबीच्या कडेचा कारखान्यांचा भाग. तिथे एका वर्कशॉपमध्ये तो वेल्डर आहे. कोल्हापूरकडचा, चाळिशीचा, बोलायला कमी. आमच्या स्नेहसंमेलनाच्या स्टेजची लोखंडी कमान दरवर्षी तोच करतो. मालकाला विचारून, उरलेल्या पट्ट्यांतून, सुटीच्या दिवशी. ढोलकीही वाजवतो आणि चांगली वाजवतो. पण तो मंडळाचा सभासद नव्हता, कारण आमचं सभासदत्व ‘फॅमिली’ला. इथे बॅचलर म्हणजे लग्न न झालेला नव्हे. बायको गावी आणि माणूस कामगारांच्या कॅम्पात, म्हणजे बॅचलर. अशांना आम्ही ‘निमंत्रित’ म्हणायचो. निमंत्रितांनी सभासद बसल्यावर, खुर्च्या उरल्या तर आत यायचं.

मागच्या वर्षी उरल्या नाहीत. हॉलवाल्यांनी माणसं मोजून दारं लावली. माझं काहीतरी लॉबीत राहिलं म्हणून मी बाहेर आले, तर तो भिंतीला टेकून उभा होता. आत त्याच्या कमानीखाली बायका लावणी करत होत्या. ढोलकी त्या वर्षी रेकॉर्डवर होती.

“आत का नाही आलात?” मी विचारलं.

“फुल झालंय म्हणं, ताई,” तो म्हणाला. “हितनं ऐकू येतंय की.”

तक्रारीचा सूर नव्हता. असता तर मी विसरले असते.

यंदा संमेलनाच्या दोन महिने आधी कमानीच्या मापासाठी त्याला फोन केला. माप झाल्यावर तो म्हणाला, त्याची बायको आणि मुलगी पहिल्यांदाच येणार आहेत, व्हिजिट व्हिसावर, एक महिन्यासाठी. संमेलन त्या महिन्यातच पडतंय. “मुलीला कमान दावायची हुती. म्हटलं, त्या दोघींचं तरी आत जमंल का?”

मी म्हटलं, बघते. मला ‘बघते’ म्हणून न बघण्याची सवय नाही. त्याच दिवशी मी ठराव टाकला: इथे नोकरी करणाऱ्या कुठल्याही मराठी माणसाला, कुटुंब इथे असो वा गावी, सभासद होता यावं. सात अंगठे आले. मी नंबर घातला, तारीख घातली.

दुसऱ्या दिवशी भाऊंचा निरोप आला. मंडळी, मी काय म्हणतो, हा फॅमिली कार्यक्रम आहे. आपल्या लेकीसुना मोकळेपणाने येतात. एकाला दार उघडलं की कॅम्पातून शंभर येतील, मग हॉल कुठून आणणार? परत विचार करा.

पाच मिनिटांत तीन अंगठे गेले. मी भाजी चिरत होते. मनात म्हटलं, खलास.

तेवढ्यात ग्रुपवर एक ओळ उमटली. अंकलनी लिहिलेली. अंकल वसईचे, ख्रिस्ती, शारजात रोल्ल्याला राहतात. कार्यकारिणीत सर्वांत जुने. आयुष्यभर टायपिंग सेंटरमध्ये बसले. म्हणजे लोकांचे व्हिसाचे, लायसन्सचे अर्ज टाइप करून द्यायचे. ग्रुपवर ते कधीही लिहीत नसत. वाढदिवसालासुद्धा नाही. त्यांनी लिहिलं होतं: ‘घटनेचे कलम सात पाहावे.’

मंडळाला घटना आहे हे निम्म्या लोकांना माहीत नव्हतं. माझ्याकडे तिची प्रत होती, पाच पानांची, वाकडी स्कॅन केलेली. मी भाजीचे हात पुसून उघडली. कलम सात असं होतं: कार्यकारिणीचा निर्णय अध्यक्षांना अमान्य असल्यास त्यांनी चौदा दिवसांत, कारणांसह, लेखी, एकदा परत पाठवावा. कार्यकारिणीने समक्ष सभेत, हात वर करून, एकूण सदस्यांच्या दोन तृतीयांश मतांनी तो पुन्हा मंजूर केल्यास अध्यक्षांनी सात दिवसांत सही करावी व त्याची अंमलबजावणी स्वतः करावी.

माझी मुलगी अकरावीला आहे. ती शेजारी टोस्ट खात होती. मी तिला वाचून दाखवलं, अर्थ सांगितला.

“मम्मी, दॅट्स अ व्हीटो,” ती म्हणाली. “अँड दिस इज द ओव्हरराइड. वी जस्ट डिड दिस. अमेरिकन प्रेसिडेंट अँड काँग्रेस. टू-थर्ड्स अँड ही कान्ट स्टॉप इट.”

“हे आपल्या मंडळाचं आहे,” मी म्हटलं. “रोल्ल्यात टाइप केलेलं.”

“सो?” ती म्हणाली. “सेम थिंग. स्मॉलर प्रेसिडेंट.”

तिने हे तोंडात टोस्ट असताना म्हटलं, पण मी ते पान पुन्हा वाचलं. एवढ्या मोठ्या देशात, एवढ्या मोठ्या इमारतीत, सूट घातलेली माणसं जे करतात तेच या पाच पानांत होतं. आणि इतकी वर्षं ते माझ्याच ड्राइव्हमध्ये, स्नेहसंमेलनाच्या मेनूच्या फोल्डरशेजारी पडून होतं.

आता एक अडचण होती, आणि ती फक्त मला दिसली होती. कलमात ‘लेखी’ म्हटलं होतं. भाऊंनी आवाज पाठवला होता. चौदा दिवस उलटले की त्यांचा आक्षेप नाहीच असं धरता आलं असतं. ठराव आपोआप मंजूर. कुणाला वाईटपणा नको, हात वर करायला नकोत. फक्त मी गप्प राहायचं.

मी बारा दिवस गप्प राहिले. तेराव्या दिवशी ऑफिसातून भाऊंना फोन केला.

“भाऊ, तुमचा आक्षेप कागदावर नाही. उद्यापर्यंत लेखी आला नाही तर ठराव पास होतो.”

पलीकडून दिवस मोजल्याचं पुटपुटणं ऐकू आलं. मग ते हसले. “तू ठराव मांडणारी, आणि तूच मला सांगतेस?”

“मी चिटणीस आहे. मुदत सांगणं माझं काम आहे.”

“बरं,” ते म्हणाले. “संध्याकाळी मिळेल.”

नवरा म्हणाला, “कमाल आहे तुझी. हातात आलेलं सोडलंस. आणि आता सभेत त्यांच्याच विरोधात हात वर करणार, त्यांनी आपल्याला टेबल दिलं ते आठवतंय ना?” मी म्हटलं, आठवतंय. दोन्ही गोष्टी आठवत होत्या, म्हणूनच तर फोन केला. ठरावाच्या बाजूच्या एका सदस्याने रागाने दोन दिवस माझ्या मेसेजला उत्तरच दिलं नाही. अंकलना फोन केला, तर ते एवढंच म्हणाले, “बरोबर केलं, बाय. कुणाची मुदत चुकवून जिंकलेला अर्ज परत येतो. मी लय बघितले.”

भाऊंचं पत्र आलं. दीड पान, स्वतःच्या अक्षरात. मी ते दोनदा वाचलं, कारण ते चांगलं होतं. त्यात राग नव्हता. लिहिलं होतं, की हॉलच्या खुर्च्या ठरलेल्या आहेत. की बायकांनी एकट्याने मुली घेऊन यावं असा कार्यक्रम उभा करायला दहा वर्षं लागली. की दार उघडायला एक मिनिट लागतं आणि एकदा उघडलेलं दार लावणं माणुसकीला धरून होत नाही, म्हणून ते विचार न करता उघडू नये. शेवटी: ‘मी त्या कारागिराच्या विरोधात नाही. मी मंडळाच्या बाजूने आहे.’ खाली सही. भाऊंची सही प्रसिद्ध आहे. पहिलं अक्षर बोटाएवढं, शेवटी मागे वळून सगळ्या नावाखालून जाणारी रेघ. पोरांच्या बक्षिसांच्या प्रमाणपत्रांवर ती नेहमी मजकुरावर चढलेली असते.

सभा आमच्याकडे ठेवली, कारण बाकी कुठे जमेना. अबू धाबीहून दोघं, शारजाहून तिघं, बाकी दुबईतले. सोफ्यावर चार, जेवणाच्या टेबलाभोवती चार, बाकीचे मुलीच्या खोलीतून आणलेल्या खुर्च्यांवर. भाऊ टीव्हीसमोर, एकटे. त्यांना मत नव्हतं. त्यांनी सभा चालवायची.

अकराच्या दोन तृतीयांश म्हणजे आठ. सातने भागत नाही. हे मी आधीच सगळ्यांना कळवलं होतं, म्हणजे नंतर तोंडं फिरायला नकोत. अंगठे उरले होते चार.

मी भाऊंचं पत्र मोठ्याने वाचलं. जसं होतं तसं, कुठेही आवाज न बदलता. मग बोलणं सुरू झालं.

“भाऊ म्हणतात त्यात तथ्य आहे,” बँकेतला सदस्य म्हणाला. “आपण भावनेच्या भरात...”

“कसल्या भावना?” हॉटेलात फ्रंट ऑफिस बघणारी म्हणाली. “त्याची कमान घेताना लेबर कॅम्प आठवत नाही, खुर्ची देताना आठवतो? वा रे वा.”

“अगं, पण उद्या शंभर आले तर?”

“तर हॉल मोठा घेऊ. भाऊ, तुमचं वजन आहे ना? वापरा की.”

सगळे हसले. भाऊही हसले. ते म्हणाले, “माझं वजन डॉक्टरनी कमी करायला सांगितलंय.”

एकजण म्हणाला, “माझा भाऊ सोनापूरला लेबर कॅम्पात आहे. मी कुणाला सांगितलं नव्हतं.” एवढंच म्हणून तो चहा प्यायला लागला. त्याच्याशेजारी बसलेल्या बाईने त्याच्याकडे बघितलं. ती सहा वर्षं त्याच्याबरोबर कार्यकारिणीत होती.

भाऊ म्हणाले, “झालं सगळ्यांचं बोलून? यल्ला, चला, मतदान घेऊ. ठरावाच्या बाजूचे, हात वर.”

हे वाचायला सोपं आहे. खोलीत तसं नव्हतं. व्हॉट्सॅपवर अंगठा दाखवताना समोर माणूस नसतो. इथे भाऊ चार फुटांवर बसलेले, हातात आमच्याच घरचा चहाचा कप, आणि प्रत्येकाला आपलं देणं आठवत होतं. अंकलचा हात सर्वांत आधी गेला, सरळ, शाळेत जातो तसा. मग हॉटेलवाली. मग ज्याचा भाऊ सोनापूरला तो. मग थोडा वेळ कुणीच नाही. मग जिच्या वडिलांसाठी भाऊ दोन दिवस जागले होते, तिने हात वर केला. तिने भाऊंकडे बघितलं नाही. ती गालिच्याकडे बघत होती, पण हात कोपरातून पूर्ण ताठ होता. तिच्यामागून दोन, आणि मग बँकवाला, जो दहा मिनिटांपूर्वी भाऊंच्या बाजूने बोलला होता.

मी खाली मान घालून वहीत नावं लिहीत होते. इतिवृत्तात कुणाचे हात वर होते ते नोंदवायचं असतं. मी नोंदवत होते.

भाऊ बोट दाखवून मोठ्याने मोजत होते. “पाच. सहा. सात.”

मग थांबले.

सात. सातला ठराव पडत होता. त्यांनी ‘नामंजूर’ म्हटलं असतं तर संपलं होतं. कुणाच्या लक्षात आलं नसतं. निदान त्या क्षणी नाही. सगळे एकमेकांकडे, उरलेल्या तिघांच्या मांडीवरच्या हातांकडे बघत होते. मी ‘बँक’ लिहून अल्पविराम देत होते.

“चिटणीसबाई,” भाऊ म्हणाले.

मी वर बघितलं.

“लिहिणाऱ्यालाही मत असतं. तुझा हात कुठे आहे, वर की खाली?”

माझ्या उजव्या हातात पेन होतं. ठराव माझा, सभा माझ्या घरी, आणि मी मत द्यायला विसरले होते. तसाच पेनासकट मी हात वर केला.

“आठ,” भाऊ म्हणाले. त्यांनी कप खाली ठेवला. “विरोधात तीन. ठराव दोन तृतीयांशांनी मंजूर. पुढचा विषय, हॉलचं डेकोरेशन.”

आवाज नेहमीएवढाच मोठा होता. मला मात्र पुढचा विषय ऐकू आला नाही. मी तो नंतर एकाला विचारून लिहिला. ज्या माणसाच्या एका निरोपावर वर्षानुवर्षं अंगठे पुसले गेले, त्याने स्वतःच्या पराभवाला कमी पडणारा हात स्वतः शोधून मोजला होता, आणि तोही मी त्यांना मुदत सांगितली होती त्याच सुरात, जणू त्यात विशेष काही नाही. स्वयंपाकघराच्या दारात माझी मुलगी उभी होती. तिच्या हातात फोन होता, पण ती त्यात बघत नव्हती. हे घरात फार कमी वेळा होतं.

सभेनंतर अंकलना मी गाडीने रोल्ल्याला सोडलं. शारजाच्या रस्त्याला शनिवारी दुपारीही गर्दी. बराच वेळ गेल्यावर मी विचारलं, “अंकल, कलम सात तुम्ही घातलंत?”

“सगळंच मी टाइप केलं,” ते म्हणाले. “तीन कॉपी.”

“पण हे सुचलं कुठून?”

“शाळेत नागरिकशास्त्र नव्हतं का? राष्ट्रपती बिल एकदा परत पाठवू शकतात. संसदेने पुन्हा मंजूर केलं की सही. तिथे साधं बहुमत चालतं. मी दोन तृतीयांश केलं. म्हटलं, अध्यक्षालाही काहीतरी पाहिजे ना. नाहीतर बिचारा नुसता हार घालायला राहील.”

“तुम्हाला तेव्हाच कळलं होतं, की पुढे असा अध्यक्ष येईल?”

अंकल खिडकीबाहेर बघत होते. “पहिला अध्यक्ष मीच होणार होतो, बाय. सगळ्यांनी ठरवलेलं. माझा स्वभाव मला ठाऊक. एकदा हो म्हटलं की मी कुणाचं ऐकायचो नाही. दिवसभर सेंटरमध्ये लोक माझ्यासमोर हात जोडून उभे, अंकल आधी माझा टाइप करा. त्याची सवय लागते. म्हणून अध्यक्ष व्हायच्या आधल्या आठवड्यात बसून ते कलम घातलं. नंतर घालता आलं नसतं.”

“मग झालात अध्यक्ष?”

“दोन वर्षं. एकदा माझंच कलम उलटलं माझ्यावर. सही केली. दोन दिवस जेवलो नाही नीट.” ते हसले. “इथे डावीकडे घे, रिक्षा नाही ही, सिग्नल बघ.”

मी सिग्नल बघितला. माणूस स्वतःच्या हाताला आधीच दोरी बांधून ठेवतो, आणि तीही शांतपणे, टायपिंग सेंटरच्या टेबलावर, दोन अर्जांच्या मधल्या वेळात. ही माझ्या कल्पनेबाहेरची गोष्ट होती.

तिसऱ्या दिवशी सही झालेला ठराव माझ्याकडे आला. सही नेहमीएवढीच, मागे वळणारी रेघ तेवढीच लांब. मी नंबर घातला आणि मुसफ्फाला फोन केला. म्हटलं, फॉर्म भरा, तुम्ही आता सभासद.

तो म्हणाला, “नको, ताई.”

“का?”

“भाऊंच्या मनात नव्हतं असं कळलं. तुम्ही सगळ्यांनी मिळून करून घेतलंसा. ज्याच्या घरचं कार्य त्यालाच नको, तर पंक्तीला कसं बसायचं? बायका-पोरीला घेऊन तर न्हाईच. कमान मात्र येळंवर देतो.”

मी त्याला कलम समजावलं, आठ हात समजावले. तो ‘व्हय, व्हय’ म्हणत राहिला आणि शेवटी पुन्हा ‘नको’ म्हणाला. फोन ठेवल्यावर मी चांगलीच चिडले. एवढं सगळं करून कागद जगात आला होता, पण माणूस आत यायला तयार नव्हता. आठ हातांनी नियम बदलतो. त्यापुढे त्यांचं काही चालत नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

मी भाऊंना कळवलं. एका ओळीत, कारण काय लिहावं कळेना. त्यांचं उत्तरही एका ओळीत आलं. या वेळी आवाज नव्हता, लिहिलेलं होतं: ‘शनिवारी कमान बघायला मुसफ्फाला जातोय. तूही चल. सभासदाचं कोरं कार्ड घेऊन ये.’

वर्कशॉपचं शटर अर्धं वर होतं. आत कमान जमिनीवर आडवी, अजून रंग लागला नव्हता. तो वेल्डिंगचा मुखवटा वर करून उभा राहिला. हात पुसला, पण पुढे केला नाही.

भाऊंनी आधी कमान बघितली. सांधे हाताने चाचपले. “डावा पाय जरा जड कर,” ते म्हणाले. “मागच्या वर्षी हलत होता.”

“व्हय, करतो.”

मग भाऊंनी माझ्याकडून कार्ड घेतलं, ड्रिलिंग मशीनच्या टेबलावर ठेवलं, त्याचं नाव विचारून स्वतः लिहिलं. “बायकोचं नाव? मुलीचं?” तीही लिहिली. सही केली. टेबल तेलकट होतं, रेघेच्या शेवटी थोडा डाग पडला.

“हे बघ,” भाऊ म्हणाले. “मी विरोधात होतो. आजही माझं मत बदललेलं नाही. मला भीती वाटते गर्दीची, ती मी लिहून दिली आहे, हिच्या फाइलीत आहे. पण मंडळ माझ्या घरचं कार्य नाही. मंडळ म्हणजे ते अकरा जण आणि मी, आणि आता तू. त्यांनी ठरवलं. अंमलबजावणी मी करायची असं लिहिलंय, म्हणून मी आलोय. तू आला नाहीस तर मी माझं काम केलं नाही असा अर्थ होईल. मला तसं म्हणवून घ्यायचं नाही.”

त्याने कार्डाकडे बघितलं. हात पुन्हा एकदा कपड्याला पुसून ते कडेने धरलं.

“भाऊ, ही तुमचीच सही?”

“समोर केली ना?”

“मग ठीक हाय,” तो म्हणाला, आणि कार्ड शर्टाच्या खिशात न ठेवता मागच्या कपाटात, स्वतःच्या पासपोर्टच्या झेरॉक्सशेजारी नेऊन ठेवलं.

“आणि एक,” भाऊ म्हणाले. “सभासदाने साडेपाचला यायचं. दार सहाला लागतं. माझ्यासाठीसुद्धा.”

परतीच्या वाटेवर भाऊ फोनवर कुणाशी तरी मोठ्या हॉलबद्दल बोलत होते. मी शेजारी बसून बाहेर बघत होते. वाळवंट, विजेचे खांब, एक मोठी मशीद. पाहुण्यांना दाखवण्यासारखं बरंच काही होतं.

संमेलनाला ते तिघं पाच वाजताच आले. मुलगी आठेक वर्षांची, नवा फ्रॉक, केसांत गजऱ्याऐवजी रिबीन. तिसऱ्या रांगेत बसले. प्रमुख पाहुण्यांच्या भाषणात आई झोपली आणि मुलगी दोन सामोसे खाऊन तिसरा मागायला लागली. त्याने मांडीवर ढोलकी घेतली नव्हती; पण मधेच माझ्याकडे येऊन म्हणाला, पुढच्या वर्षी रेकॉर्ड लावू नका, म्हणजे सभासद म्हणून सांगतो. मी म्हटलं, लेखी द्या.

त्याने दिलं. फाइलीत आहे.